खाचर, मजूर आणि पिवळा बेडूक

जूनमधला पहिला झोडपणारा पाऊस पडून गेला की कोकणातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या भातखाचरांत दोन-तीन रात्री कान किटतील असा गलका चालतो. तो करणारा प्राणी एरवी मळकट हिरव्या-तपकिरी रंगाचा, पाठीवर काळसर पट्टे-ठिपके असलेला, चिखलात पाच पावलांवरूनही न दिसणारा मोठा बेडूक असतो. विणीच्या या थोड्या दिवसांपुरता नर लिंबासारखा पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना गर्द निळ्या पिशव्या फुगतात. रंग इतका भडक असतो की पाहणाऱ्याला तो विषारी किंवा परदेशी वाटावा. तो दोन्ही नाही. भारतीय बुलफ्रॉग म्हणून ओळखला जाणारा हा बेडूक भारतातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक आहे, पूर्ण वाढ झाल्यावर सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत जातो. फ्रेंच निसर्गअभ्यासक दोदँ याने १८०२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला ‘राना टायग्रिना’ हे नाव मिळाले. आजचे नाव होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्या अनेक पिढ्यांनी याच बेडकाला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून आतून पाहिले आहे, बाहेरून मात्र क्वचितच.

कायद्याच्या लेखी तो वन्यप्राणी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्याला संरक्षण देतो, त्याला पकडणे वा मारणे गुन्हा आहे, आणि त्याची जबाबदारी वन विभागाकडे येते. पण या दोन तालुक्यांत तो राहतो कुठे हे पाहिले तर वनाशी त्याचा संबंध फार पातळ निघतो. त्याचे सगळे आयुष्य भातशेतीच्या वेळापत्रकावर बसवल्यासारखे आहे. मृगाच्या पावसाने खाचर भरते तेव्हा तो जमिनीतून वर येतो आणि उथळ, उघड्या पाण्यात मादी हजारोंनी अंडी घालते. रोपवाटिकेत रोप वाढत असते त्याच काळात अंड्यांतून बेडूकमासे निघतात आणि महिना-दीड महिन्यात त्यांना पाय फुटतात. लावणी होऊन भाताने फुटवे धरले की ही पिल्ले दाट पिकात पसरतात आणि दसऱ्यापर्यंत खात सुटतात. कापणीच्या सुमारास पाणी आटते, तेव्हा बेडूक बांधाच्या मऊ मातीत स्वतःला गाडून घेतात आणि पुढचा मृग येईपर्यंत जवळजवळ निश्चल पडून राहतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की या बेडकाचे खरे संरक्षण कायद्याने केलेले नाही. ते दरवर्षी बांध घालणाऱ्या, फुटलेली आडवण लिंपणाऱ्या आणि पाणी अडवणाऱ्या माणसांच्या कष्टाने होत आले आहे, आणि ते कष्ट या भागातून वेगाने कमी होत आहेत.

हे पटण्यासाठी इथल्या जमिनीची ठेवण लक्षात घ्यायला हवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात बेडकाला पाण्याची काय कमतरता, असे कुणालाही वाटेल. पण पाऊस पडणे आणि पाणी थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि थोड्याच अंतरात हजार मीटरहून अधिक खाली उतरून पोलादपूरच्या दरीत येते. आंबेनळी आणि वरंध घाटांखालच्या सगळ्या पऱ्यांची, ओढ्यांची हीच गत. काळ्या पाषाणाचे कडे, त्यांच्या पायथ्याशी मुरमाड उतार, आणि त्यावरून धाडधाड वाहणारे पाणी. अशा वाहत्या पाण्यात बुलफ्रॉगची अंडी तग धरत नाहीत. त्याला हवे असते वीतभर खोल, उन्हाने कोमट होणारे, दीड महिना तरी न हलणारे पाणी. डोंगरउतारावर असे पाणी निसर्गतः फार थोड्या जागी साचते. ते साचवले आहे माणसाने, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाचरे खोदून. कृषी खात्याच्या भाषेत या कामाला मजगी म्हणतात. पोलादपूरकडून महाडकडे येताना दरीच्या तळापासून वर चढत गेलेली ही खाचरे पाहिली तर त्यातले प्रत्येक खाचर म्हणजे चार महिन्यांचे एक उथळ तळे आहे, आणि अशी तळी एकमेकांना लागून हजारोंनी आहेत. पहिल्या पुराबरोबर नदीतले मासे ज्या वाटांनी शेतात चढतात, ज्याला आपण वलगण म्हणतो, त्या वाटासुद्धा याच रचनेने तयार केलेल्या आहेत.

यावर एक रास्त शंका येते. बेडकाचा वंश भातशेतीपेक्षा कितीतरी जुना आहे. नांगर येण्याआधी तो जगत होताच ना, मग आज खाचर गेले म्हणून त्याचे काय अडणार? उत्तर नदीकाठच्या सपाटीत आहे. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्या महाडजवळ एकत्र येतात. तिथल्या पूरमैदानात दरवर्षी पाणी पसरून मागे उथळ डबकी आणि दलदली उरत असणार, आणि बुलफ्रॉगसारख्या प्राण्याची मूळ वस्ती अशाच जागी असणार, असा तर्क त्याच्या जीवनक्रमावरून सहज निघतो. पण नेमक्या त्याच सपाटीवर आधी शेती झाली आणि मग शहर, वसाहत, रस्ता व औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. परत जाण्यासाठी त्याचे मूळ घर शिल्लक नाही. शेतीने त्याचे घर घेतले आणि बदल्यात दुसरे, अधिक मोठे घर डोंगरापर्यंत पसरून दिले. आता ते दुसरे घर मोडले तर तिसरे कुठे आहे, हा प्रश्न म्हणून उरतोच.

या देवघेवीत शेतकऱ्याला काय मिळाले, याविषयी बरेच बोलले गेले आहे आणि त्यातले सगळे सारख्या वजनाचे नाही. बुलफ्रॉगच्या खाण्याला धरबंध नसतो. तोंडात मावेल आणि हलत असेल ते तो गिळतो. त्यात टोळ, नाकतोडे, भुंगेरे आणि अळ्या येतात, तशाच गोमी, गांडुळे, लहान उंदीर, सापाची पिल्ले, दुसरे बेडूक आणि खेकडेही येतात. कोकणातल्या भाताला खेकड्याचा त्रास किती, हे घाटावरच्या वाचकाला सांगावे लागेल. खेकडे बांधाला भोके पाडतात, त्यातून खाचराचे पाणी निघून जाते, शिवाय कोवळी रोपे बुडातून कातरतात. त्यांच्यासाठी विषारी आमिष ठेवण्याचा सल्ला कृषी विद्यापीठालाही द्यावा लागतो. तेव्हा लहान खेकडे खाणारा प्राणी खाचरात असणे हा इथला खास फायदा आहे. पण तोच बेडूक पिकावरच्या किडी खाणारे कोळी आणि चतुरही गिळतो, हे विसरता कामा नये. तो शेतकऱ्यासाठी काम करत नाही, फक्त स्वतःचे पोट भरतो. त्याच्या पोटात जाणाऱ्यांत पिकाचे शत्रू संख्येने जास्त असतात, कारण भरल्या खाचरात तेच जास्त असतात, एवढाच याचा अर्थ.

हा हिशेब एकदा राष्ट्रीय पातळीवर मांडला गेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून बेडकांच्या मागच्या तंगड्या गोठवून युरोप-अमेरिकेत जात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही निर्यात वर्षाला चार हजार टनांच्या आसपास पोहोचली होती. फक्त तंगड्यांचे हे वजन आहे, म्हणजे दर पावसाळ्यात कोट्यवधी बेडूक उचलले जात होते, आणि उचलायला सर्वांत सोपा काळ म्हणजे ते ओरडून आपली जागा सांगतात तोच, अंडी घालण्याचा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध सातत्याने बाजू मांडली. १९८५ मध्ये ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात पूर्ण थांबवली. मग मागणी संपली का? नाही. ती आधी बांगलादेशाकडे व नंतर इंडोनेशियाकडे वळली, आणि युरोप आजही वर्षाला सुमारे चार हजार टन तंगड्या आयात करतो. त्या वादात एक युक्तिवाद फार गाजला. बेडूक विकून जितके परकीय चलन मिळते त्याहून जास्त कीटकनाशकांच्या आयातीवर जाते, असा तो होता. बंदीसाठी तो उपयोगी पडला, पण कीटकनाशकांचा खप त्या काळात नव्या बियाण्यांमुळे, खतांमुळे आणि सरकारी धोरणामुळेही वाढत होता. त्यातला नेमका किती वाटा बेडूक गेल्याचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. बंदी योग्यच होती, कारण विणीच्या काळात अख्खी पिढी उचलणे कोणत्याच प्राण्याला परवडत नाही. त्यासाठी बेडकाला शेतकऱ्याचा तारणहार ठरवण्याची गरज नव्हती.

तारणहार ही प्रतिमा मोडायला अंदमान पुरेसे आहे. मूळचा तिथला नसलेला हा बेडूक या शतकात अंदमानच्या बेटांवर पोहोचला, बहुधा मत्स्यबीजाबरोबर नकळत, आणि भराभर पसरला. नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मिझी यांच्या अभ्यासात दिसले की त्याचे बेडूकमासे मांसाहारी असल्याने तिथल्या स्थानिक बेडकांचे बेडूकमासे जवळजवळ संपवून टाकतात. गावकऱ्यांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या. तो कोंबड्यांची-बदकांची पिल्ले आणि तळ्यातले मासे खातो, असे त्यांचे म्हणणे होते. मग जो प्राणी एका ठिकाणी उपद्रवी ठरतो त्याची दुसऱ्या ठिकाणी काळजी का करावी, असे कुणी विचारले तर ते चूक नाही. फरक असा की सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याच्यावर लगाम आहे. त्याला खाणारे धामण, नाग, पाणदिवड, घोरपड, मुंगूस, ढोकरी आणि घार यांची रांग इथे मोठी आहे, आणि इथले छोटे बेडूक त्याच्याबरोबर फार पूर्वीपासून राहत आले आहेत. धामणीसारखे साप उंदीरही खातात. भाताच्या कणग्या राखणाऱ्या या सापांना पावसाळ्यात पोसणाऱ्या अन्नात बेडकांचा वाटा मोठा आहे. म्हणजे बेडकाचा सर्वांत खात्रीचा उपयोग कदाचित त्याने काय खाल्ले यात नसून त्याला कोणी खाल्ले यात आहे. किडींच्या हिशेबात ही बाजू सहसा धरली जात नाही.

आणखी एक आक्षेप अधिक अवघड आहे. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक लाल यादीत ही जात ‘किमान चिंताजनक’ गटात आहे. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत ती आढळते. गोव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला ‘जंपिंग चिकन’ म्हणून तिची चोरून शिकार होते आणि तिथले वन खाते दरवर्षी त्याविरुद्ध गस्त घालते, तरीही ती संपलेली नाही. मग दोन तालुक्यांपुरती चिंता करण्याचे कारण काय? कारण असे की लाल यादी जातीच्या नामशेष होण्याचा धोका मोजते, एखाद्या दरीतल्या जीवनाची रचना ढासळते आहे का ते मोजत नाही. इतर प्रदेशांतले बुलफ्रॉग शाबूत राहतील. पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली खाचरे सुटली तर तिथल्या बेडकांना खालच्या गावांकडे स्थलांतर करता येणार नाही, आणि त्यांच्यावर जगणारे साप-पक्षीही देशपातळीवरच्या आकड्याने पोट भरू शकत नाहीत.

खाचरे सुटत आहेत, यात वाद नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून या भागातला कर्ता पुरुष चाकरमानी झाला. तरी शेती चालत होती, कारण घरी बाया, म्हातारी माणसे आणि बैल होते. आता गावात राहणारेच थोडे. भाताची लावणी हे वाकून, चिखलात, भर पावसात करायचे काम, आणि त्याला मजूर मिळेना. मिळाला तर त्याची मजुरी भाताच्या भावात बसेना. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही बेडकापर्यंत पोहोचतात. वरची, लांबची, छोटी खाचरे आधी पडीक पडतात. बांध एकदा खेकड्याने पोखरला आणि लिंपला गेला नाही की दोन-तीन पावसाळ्यांत तो फुटतो आणि खाचराचा पुन्हा उतार होतो. उरलेल्या खाचरांत माणसाची जागा यंत्र आणि रसायन घेते. पॉवर टिलर चिखलणीला उपयोगी खराच, पण जी चिखलणी पूर्वी बैलजोडीने कित्येक दिवसांत पसरत असे ती आता एकदाच, वेगाने होते, आणि अंडी-बेडूकमासे नेमके त्याच पाण्यात असतात. बांधावरचे गवत कोयत्याने कापण्याऐवजी तणनाशक फवारले जाते. ग्लायफोसेटच्या काही मिश्रणांनी बेडूकमासे मरतात, हे अमेरिकेतल्या रिक रेलिया यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. पाऊस पडल्यावर बांधावरचे औषध खाचरात उतरते हे सांगायला प्रयोग लागत नाही. बेडकाची कातडी पाणी आत घेते, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात जाते.

इथे महाडच्या औद्योगिक वसाहतीचे नाव निघणारच. रासायनिक कारखाने आणि सावित्रीचे पाणी यावर अनेक वर्षे तक्रारी होत आल्या आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण बुलफ्रॉगपुरते बोलायचे तर त्याची वीण नदीत कमी आणि पावसाने भरलेल्या खाचरात अधिक होते. म्हणून त्याच्यासाठी नदीच्या प्रवाहापेक्षा बांधावरची फवारणी जास्त जवळची आहे. तीच गोष्ट मुंबई-गोवा महामार्गाची. चौपदरीकरणामुळे खाचरे दुभंगली आणि पावसाच्या रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक चाकांखाली जातात, हे डोळ्यांना दिसते म्हणून त्याबद्दल हळहळ वाटते. पडीक खाचरात न जन्मलेला बेडूक मात्र कुणालाच दिसत नाही. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तळियेसारखी वाडी दरडीखाली गेली, महाड शहर पाण्यात बुडाले, आणि दोन्ही तालुक्यांत कित्येक खाचरांवर गाळ आणि दगडगोट्यांचा थर बसला. माणसांचे दुःख त्यात पहिले. पण त्यानंतर ते दगड उपसून खाचर पुन्हा उभे करण्याइतकी माणसे घरात नसलेल्यांनी ते सोडून दिले, आणि या निर्णयाने कित्येक उथळ तळी कायमची गेली.

यावर निसर्गप्रेमी मंडळींकडून एक उलट प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. खाचर पडीक पडले तर तिथे झुडपे येतील, मग झाडे, मग रान. सह्याद्रीचे खास बेडूक तर रानातलेच आहेत. मग एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीच्या बदल्यात दुर्मीळ जातींना जागा मिळत असेल तर तोटा कोणता? काही अंशी हे खरे आहे. घाटातल्या झुडूपबेडकांना साठलेले पाणी लागतच नाही, त्यांच्या अंड्यांतून थेट छोटे बेडूक बाहेर पडतात. काही बेडकांचे बेडूकमासे झिरपत्या ओल्या खडकावरच वाढतात. रान परतले तर अशा प्राण्यांचा फायदा होऊ शकतो. पण ‘रान परतणे’ आपोआप होते हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. सुटलेल्या खाचरावर बहुतेकदा आधी दाट गवत आणि घाणेरीसारखी झुडपे येतात, उन्हाळ्यात वणवा त्यावरून फिरतो, आणि रस्त्यालगतच्या जमिनी तर झाडे यायच्या आधीच प्लॉट म्हणून विकल्या जातात. शिवाय दोन्ही प्रकारच्या बेडकांना एकाच दरीत जागा होती. वरच्या राईत झुडूपबेडूक, खाली खाचरात बुलफ्रॉग आणि त्याच्या आसपास छोटे शेतबेडूक. एकाला हटवून दुसऱ्याला जागा देण्याचा प्रश्न मुळात नव्हता. तो आता तयार होतो आहे, कारण खाचरे जात आहेत आणि राया वाढत नाहीत.

म्हणून या बेडकाची व्यवस्था वन खात्याच्या फाइलीत शोधण्यापेक्षा कृषी आणि मृदसंधारणाच्या कामांत शोधावी लागते. जुन्या भातखाचरांचे बांध दुरुस्त करण्याची कामे शासनाच्या यादीत आहेत, आणि महाराष्ट्राने तर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला. या कामांची निवड करताना उत्पन्न किती वाढेल हा एकच निकष असतो, आणि त्या निकषावर पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतले चार गुंठ्यांचे खाचर कधीच पुढे येत नाही. ते पाणी अडवते, माती धरून ठेवते, खालच्या वस्तीवर येणारा लोंढा थोडा तरी मंदावते आणि बेडकांची एक पिढी वाढवते, याला किंमत नसल्यामुळे ते दुरुस्तीतून सुटते. त्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले, उभ्या काठांचे शेततळे झटकन मंजूर होते. त्यात पाणी भरपूर असते, पण वीतभर खोलीचा उथळ काठ नसतो, आणि उतरलेल्या पिल्लाला गुळगुळीत काठावरून वर येता येत नाही. शेततळ्याच्या एका बाजूला मातीचा उतरता काठ ठेवणे, बांधावर तणनाशक मारायचेच तर विणीचा पहिला पंधरवडा सोडून मारणे, चिखलणीच्या वेळी खाचराच्या एका कोपऱ्यात थोडे पाणी न ढवळता राहू देणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही. वरच्या खाचराचा बांध उभा ठेवायला मात्र माणूस लागतो, आणि त्याची मजुरी भाताच्या भावातून निघणार नाही, हे आज दोन्ही तालुक्यांत कुणीही शेतकरी सांगेल. ती कोणत्या खात्याच्या पैशातून द्यायची, हे अजून ठरायचे आहे.